शॅननकडे पाठ करून

(नाताळची दुपार. कुत्र्यांच्या निवाऱ्यातल्या शेजारशेजारच्या दोन खोल्या, मधे तारेची जाळी. दोघं फरशीवर बसून हलक्या आवाजात बोलताहेत.)

हेस्टर : ...पण तू नीट बघून सांग ना, अमोस. कान तरी हलला का?

अमोस : हलला.

हेस्टर : खरंच?

अमोस : डावा. पण तुझ्यासाठी नाही, बाई. पलीकडे फिशर झोपेत भुंकला ना, त्यासाठी.

हेस्टर : तेवढं सांगायची काही गरज नव्हती.

अमोस : तूच शपथ घातलीस, खोटं सांगायचं नाही म्हणून. तुला वळून बघता येत नाही, तेव्हा माझे डोळे उसने घेतलेस. आता त्यांना दिसेल ते ऐकायचं.

हेस्टर : बरं बाबा. कुठे आहे माझी शॅनन?

अमोस : आहे तिथेच. मागच्या कोपऱ्यात, निळ्या चादरीवर. नाक शेपटीत खुपसलंय, डोळे टक्क उघडे.

हेस्टर : माझ्याकडे बघतेय?

अमोस : तुझ्या डोक्यावरच्या कागदी मुकुटाकडे बघतेय. काढ तो आधी. मान हलवलीस की कुरकुरतो.

हेस्टर : अगं बाई, विसरलेच. जेवताना नाताळच्या त्या कागदी फटाक्यातून निघाला, तसाच राहिला डोक्यावर.

अमोस : फटाका कसला तो. डॉरीन पडली निवाऱ्याची मुख्य; कुत्री दचकू नयेत म्हणून काल तिनं चाळीसच्या चाळीस फटाक्यांतली दारूची पट्टी उपसून काढली. दोन्हीकडून ओढायचा आणि तोंडानं हळूच ‘ठो’ म्हणायचं. सत्तरीचा बाप्या मी, समोर टर्कीचं ताट, आणि कुजबुजत ठो म्हणतोय.

हेस्टर : फार गोड म्हणालास पण. रॉकॉल काय करतोय?

अमोस : माझ्या मांडीवर डोकं टाकून पडलाय. लाळेनं विजार भिजवली. म्हातारे लॅब्रडोर सगळे असेच, जो बसेल तो आपला.

हेस्टर : नशीबवान आहेस. माझी पाठ इकडे गारठून गेली. फरशीचा गारवा थेट हाडात शिरतोय. हीटर लावता आला असता जरा, तर बरं झालं असतं.

अमोस : शांत तासात हीटर बंद. लावला की टिकटिक करतो, मग निम्मी कुत्री उठून बसतात. तीन ते चार फाटकाला कुलूप, फोन बंद, हीटर बंद. कुत्र्याकडे पाठ करून बसायचं आणि काहीबाही बोलत राहायचं. वाटलं तर ते येईल, नाही तर नाही.

हेस्टर : मला नियम शिकवतोस होय. सहा महिने रोज बसतेय मी इथे.

अमोस : आज सहा पुरे झाले.

हेस्टर : माहितीये.

अमोस : तसं नाही म्हणालो मी.

हेस्टर : तसंच म्हणालास. पंचवीस जूनला आली ती. सहा महिन्यांत कुत्रं आपणहून एकाही माणसाजवळ आलं नाही, तर त्याला घर द्यायचं नाही. दोन जानेवारीला गाडी येणार आणि तिला वर डोंगरातल्या त्या शेतावर नेणार. डॉरीन चार वाजता शेवटचं बघायला येईल. तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं तरच वहीत चढवणार.

अमोस : वाईट नाही म्हणतात ते शेत. गवत आहे, मोठं कोठार आहे, तिच्यासारखीच आणखी वीसेक कुत्री आहेत.

हेस्टर : आणि माणूस?

अमोस : दिवसातून दोनदा बादली घेऊन येतो म्हणे.

हेस्टर : एक सांगू का अमोस? हसणार नसशील तर.

अमोस : हसायचं असलं तरी आवाज करता येत नाही इथे. सांग.

हेस्टर : मी टोपली आणून ठेवलीय. सप्टेंबरातच. वेताची, मोठी, तिचे लांब पाय मावतील अशी. स्वयंपाकघरात शेगडीच्या बाजूला. आल्यागेल्यानं विचारू नये म्हणून सध्या त्यात बटाटे ठेवते.

अमोस : अच्छा, म्हणून तू दर आठवड्याला बाजारातून बटाटे घेऊन जातेस. मला वाटलं, एकटी बाई, खाते तरी किती बटाटे.

हेस्टर : नाही हसणार म्हणालास.

अमोस : नाही हसत गं.

हेस्टर : विल्फ गेला, संसार संपला, तेव्हापासून घर इतकं गप्प झालंय ना. रेडिओ लावते, तर त्याच्याशीच बोलते. माणसाचं काही नाही रे, माणसं येतात, चहा पितात, जातात. कुणीतरी खोलीतून खोलीत आपल्यामागे यावं, एवढंच हवंय मला. दुसरं कुठलं कुत्रं दे म्हणून डॉरीन कितीदा म्हणाली. पण माझा जीव हिच्यावरच जडला, त्याला काय करू.

अमोस : धुकं बघ कसं दाटलंय खिडकीशी. साडेतीन नाही झाले, आणि बाहेरचं फाटक दिसेनासं झालं. पार समुद्र आत आल्यासारखं वाटतं.

हेस्टर : मला स्वप्नात असंच धुकं दिसतं. ओहोटी लागलेली असते, वाळू ओली चकचकीत. मी चालतेय आणि ही माझ्या मागून येतेय. मी वळत नाही. स्वप्नातसुद्धा नियम पाळते बघ. पण तिची नखं वाजतात मागे, टक टक टक.

अमोस : वाळूत नखं वाजत नाहीत.

हेस्टर : स्वप्नात वाजतात. आणि पुढे धुक्यात विल्फ उभा असतो, हातात थर्मास घेऊन. मला बघून म्हणतो, आलात का दोघी.

अमोस : दोघी म्हणतो?

हेस्टर : दोघी म्हणतो. तेवढ्यात जाग येते. एकदासुद्धा चहा प्यायला मिळाला नाही.

अमोस : हेस्टर, मलाही एक सांगायचंय. तुला कधी बोललो नाही.

हेस्टर : बोल की.

अमोस : शॅननचा म्हातारा मालक खुर्चीतच गेला होता ना, बंदराजवळच्या घरात. चार दिवस कुणाला पत्ता नाही. रेडिओ चालू, आणि ही त्याच्या पावलांवर डोकं ठेवून. मग दूधवाल्यानं खिडकीतून बघितलं, आणि आम्ही दार तोडून आत शिरलो. सहा जण. बूट, बॅटऱ्या, आरडाओरडा. आणि कुत्र्याच्या गळ्यात अडकवायची ती फासाची काठी. ती काठी माझ्या हातात होती.

हेस्टर : माहितीये मला.

अमोस : कुणी सांगितलं?

हेस्टर : तू कधी तिच्या खोलीत पाय ठेवत नाहीस, तेव्हाच ओळखलं. जाऊ दे. कुणीतरी धरायलाच हवी होती. तू धरलीस, म्हणून हळू तरी धरली गेली.

अमोस : माझ्याकडे बघते तेव्हा मीच नजर वळवतो.

हेस्टर : तू ते समुद्राचं हवामान म्हण ना. बोटीवर रेडिओत ऐकायचास ते. त्यानं सगळी शांत होतात.

अमोस : अगं, त्यातूनच तर सगळ्यांची नावं पडलीत. एकेका समुद्राचं एकेक कुत्रं. बरं ऐक. फिशर. वारा नैऋत्येचा, जोर चार ते पाच. अधूनमधून पाऊस. डॉगर. तसाच, पुढे मंदावेल.

हेस्टर : डॉगर काय करतोय?

अमोस : झोपेत पळतोय. चारही पाय चाललेत. हम्बर. दक्षिणेचा, तीन. धुकं दाट. टाइन. दक्षिणेचा, दोन ते तीन. धुकं. समुद्र शांत.

हेस्टर : समुद्र शांत...

अमोस : रॉकॉल. पश्चिमेचा, सहा. तू उठू नको रे, नुसतं नाव घेतलं. शॅनन. वारा बदलता. सुरुवातीला खवळलेला, मग... हेस्टर, नावाला दोन्ही कान उभे केले तिनं. ऐकलंस का? दोन्ही. हेस्टर?

अमोस : हेस्टर. अगं, झोपू नकोस. आत झोपायचं नाही, पाचवा नियम. झोपलं तर तो तास धरत नाहीत. आपल्यातला तो रोलंड झोपला होता आणि डॉगरनं त्याचं कानातलं यंत्र खाल्लं, तेव्हापासून. हेस्टर.

अमोस : घोरायला लागली. काय करू आता रॉकॉल? मोठ्यानं हाक मारली तर सगळी जागी होतील. बरोबर आजच झोपायचं होतं हिला. रात्रभर डोळा लागला नसणार बिचारीचा.

अमोस : रॉकॉल, हलू नकोस. शॅनन उठलीय. उभी राहिलीय. पाय ताणतेय. आता पाणी पिईल आणि परत जागेवर जाईल, रोज तेच करते.

अमोस : पाणी नाही प्यायली. भांड्यावरून पुढे आली. थांबली. माझ्याकडे बघतेय. बाळा, माझ्या हातात काही नाही. हे बघ, दोन्ही हात रॉकॉलच्या अंगावर आहेत. मी इकडे बघतो, भिंतीकडे. जा तू.

डॉरीन : अमोस, चार वाजले. कुणाशी बोलताय?

अमोस : तिथेच थांब, डॉरीन. पुढे पाऊल टाकू नकोस.

डॉरीन : काय झालं? हेस्टरबाई ठीक आहेत ना? त्या अशा एका बाजूला का कलंडल्यात?

अमोस : झोपलीय. आणि हळू बोल, तुझ्या पाया पडतो. मला वळून बघायचा धीर नाही. तू बघ. हेस्टरच्या पाठीमागे बघ.

डॉरीन : अगं बाई...

अमोस : काय दिसतंय? डॉरीन, सांग की.

डॉरीन : शॅनन झोपलीय. हेस्टरबाईंच्या पाठीला पाठ लावून. अंगाचं वेटोळं करून.

अमोस : पाठीला लागून? अगदी चिकटून?

डॉरीन : मधे बोट जाणार नाही.

अमोस : आता वहीत लिही.

डॉरीन : बाई आत झोपल्यात, अमोस. मीच लिहिलाय तो नियम. झोपलं तर तास धरायचा नाही.

अमोस : कुत्रं आपणहून यायला पाहिजे, हाही तूच लिहिलास. आलं की आपणहून.

डॉरीन : एकाला सूट दिली की सगळे मागतात. नाताळात कुत्रं द्यायचं नाही म्हटलं, तर काल एक बाप फाटकाशी भांडून गेला, पोराला भेट द्यायची म्हणून. फेब्रुवारीत परत आणून बांधणारा मेला. मी नियम सोडले तर या चाळीस जिवांचं काय होईल?

अमोस : तो फाटकावरचा वेगळा आणि ही वेगळी. जरा डोकं लाव, डॉरीन. हिचा म्हातारा खुर्चीत निपचित होता आणि ही चार दिवस त्याच्या पायाशी. तिच्या लेखी तो झोपलेला. जागे होते ते आम्ही, दार तोडून आलेले. त्यानंतर आपण काय केलं? रोज एक टक्क जागं माणूस नेऊन बसवलं तिच्यासमोर. ये ये म्हणून वाट बघणारं.

डॉरीन : सरळ बसा, डोळे उघडे ठेवा, असं मीच सांगायचे सगळ्यांना.

अमोस : तू काय वाईटासाठी नाही सांगितलंस.

डॉरीन : सहा महिने मी तिला घाबरवत होते, अमोस.

अमोस : काठी मी धरली होती. आता मोजत बसलो तर उद्या उजाडेल.

डॉरीन : पण बाई जाग्या झाल्या की ती पळेल. मग काय लिहू? पळाली तर घरी नेऊन उपयोग काय? घरात माणूस जागाच असतो ना.

अमोस : मग थांबू. बस इथे. पाठ करून बस, सवय आहे ना.

डॉरीन : फरशी किती गार आहे. बाई रोज इथे बसतात?

अमोस : रोज. एक दिवस चुकला नाही. आणि घरी टोपली आणून ठेवलीय. मी सांगितलं म्हणू नकोस.

डॉरीन : बटाट्यांची ना? मला ठाऊक आहे. गेल्या महिन्यात चहाला बोलावलं होतं मला. बटाट्यांखाली लोकरीचं पांघरूण होतं.

अमोस : आणि तू काही बोलली नाहीस.

डॉरीन : काय बोलणार? घरी जाऊन रडले.

अमोस : घोरणं थांबलं बघ.

हेस्टर : ...अमोस? किती वाजले रे?

अमोस : सव्वाचार. हळू बोल. आणि वळू नकोस.

हेस्टर : माझा डोळा लागला की काय? अरे देवा. डॉरीनला सांगू नकोस हं.

डॉरीन : नाही सांगणार तो.

हेस्टर : तू कधी आलीस? मग संपलंच सगळं. माझीच चूक, कुणाला बोल लावू. एक दिवस, एकच दिवस जागं राहायचं होतं, तेही जमलं नाही या म्हातारीला. कोपऱ्यात आहे ना ती, अमोस? निळ्या चादरीवर? खरं सांग.

अमोस : डॉरीन, शॅनन उठली का?

डॉरीन : डोळे उघडलेत तिनं. कान मागे केलेत. बाई, बोलत राहा. थांबू नका.

हेस्टर : काय बोलू? पुन्हा तेच स्वप्न पडलं. वाळू, धुकं, विल्फ. या वेळी मात्र चहा दिला त्यानं. अर्धा कप. साखर जास्तच घातली होती, नेहमीसारखी.

अमोस : आता, डॉरीन?

डॉरीन : डोळे मिटले परत. हलली नाही.

अमोस : मग लिहितेस ना?

डॉरीन : लिहिलं. ठो.

हेस्टर : काय ठो? तुम्ही दोघं काय कुजबुजताय माझ्या पाठीमागे? आणि डॉरीन, तुझे उपकार झाले बाई. शांत तासात तू कधी हीटर लावत नाहीस, पण आज लावलास. पाठ कशी छान शेकून निघाली माझी.

अमोस : हीटर बंदच आहे, हेस्टर.