खाडीच्या पाण्यानं न्हालेली फियाट

माझं माहेर उरनच्या बाजूला, खाडीच्या तोंडावरचं गाव, माझा बापूस होडीवाला, जाळं टाकायचा, कधी पैलतीराला मानसं सोडायचा, आमी चार बहिनी, भाऊ नाय, म्हनून मी थोरली ती मुलग्यासारखी त्याच्या मागं मागं. काय सांगू तुमाला ताई, होडी म्हंजे आमच्या घरातलं पाचवं पोर. बापूस स्वतःची अंघोळ विसरंल पन होडीची नाय. आनि एक गोष्ट त्यानं मला शिकवली ती मी देवाच्या नावासारखी धरून ठेवली, की लाकडाला गोडं पानी लागू देऊ नको, पावसाचं पानी होडीत साचलं तर आधी ते उपस आनि वरून खाडीचं खारं पानी मार, गोड्या पान्यानं होडी कुजते, खाऱ्या पान्यानं टिकते. हे खरं हाय, कोनालाबी विचारा. मी एवढीशी होते, डबा भरभरून पानी मारायचे होडीवर, बापूस बोलायचा, मार अजून, आपली लेक जोरात मारते.

मग लगीन झालं. मला दिली इकडं, बेलापूरच्या अलीकडं, मिठागरवाल्यांच्या घरात. सासरा आधीच गेलेला. सासू, तिला आमी सगळे आय म्हनायचो, मग थोरले दीर, जाऊ, आनि आमचे हे. यांचं नाव बाळाराम. तवा कधी तोंडातून काढलं नाय, आता घेते, आता कोन ओरडनार हाय मला. यांचं घर मिठातलं, पायाच्या टाचा मिठानं फुटलेल्या, उन्हाळाभर मिठागरात. पन मी आले तवा ते सगळं चाललेलंच होतं. वाशीचा पहिला पूल होऊन दोन-चार वर्सं झाली असतील, नवीन शहर यायचं म्हनून सरकारनं शेतं घेतली, मिठागरं घेतली. जमिनीचे पैसे आले तवा थोरले दीर बोलले, पक्कं घर बांधू. आमचे हे बोलले, घर काय खायला घालनार हाय का, गाडी घेऊ, साहेब लोक येतात मोजमाप करायला, त्यांना न्यायला गाडी लागते, इकडं एस्टी दिवसातून दोनदा. जाम भांडनं झाली. शेवटी आय धाकट्याच्या बाजूनं बोलली आनि गाडी आली.

चेंबूरच्या एका डॉक्टरांची जुनी फियाट होती ती. पिस्ता रंगाची. काय रूप तिचं! गेर कुठं, तर स्टेरिंगला, पुढची सीट लांब बाकासारखी, तीन मानसं आरामात, चार पन बसायची लग्नाच्या वेळेला. सकाळी चोक ओढला की आधी खोकायची, मग दम घ्यायची, मग चालू. आत पेट्रोलचा आनि त्या डॉक्टरांच्या औषधांचा वास, तो वास कितीतरी वर्सं गेला नाय. पहिल्या दिवशी आयनं ओवाळली, बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं उमटवली, आनि सगळ्यांसमोर माझ्याकडं बघून बोलली, ही गाडी म्हंजे आमची जमीन हाय, चाकं लावलेली जमीन, हिला काय झालं तर आमचं काय उरत नाय.

ते माझ्याकडं बघून का बोलली, सांगते. माझ्या लग्नाला पाच वर्सं झाली होती, पोर नव्हतं. आय मला पांढऱ्या पायाची म्हनायची. म्हैस मेली, माझ्यामुळं. मिठागर गेलं, माझ्यामुळं. आता सरकार काय माझे पाय बघून आलं का, पन कोन बोलनार. ती सरळ बोलायची, अजून एक वाईट झालं या घरात तर हिला होडीत घालून बापसाकडं पाठवते. बोलायची तशी करनारी बाई होती ती, ताई. थोरल्या जावेची बहीन आयच्या भाच्याला दिलेली, तिला आयनंच असं माहेरी पाठवायला लावलं होतं.

तर मी ठरवलं, या गाडीला काय होऊ द्यायचं नाय. गावातल्या गल्लीत ती शिरायची नाय, म्हनून बंदरावर भेंडीच्या झाडाखाली उभी असायची. मी पहाटे उठायचे, सगळे झोपलेले, आनि दोन हांडे घेऊन जायचे. गावात विहीर एकच, तिला उन्हाळ्यात तळ दिसायचा, तिथलं पानी गाडीवर ओतलं असतं तर बायकांनी झिंज्या धरल्या असत्या. आनि समजा असतं पानी, तरी मी मारलं नसतं. गोडं पानी कुजवतं ना! समोर खाडी भरलेली. मी हांडे भरायचे आनि धुवायचे गाडीला, वरून, चाकांना, आनि खाली वाकून पोटाखाली तांब्यानं सपासप पानी मारायचे, कारन बापूस सांगायचा होडी सडते ती पोटाकडून. मग पदरानं काच पुसायचे, पांढरं काय राहिलं असंल तर तेबी पुसायचे. नारळी पुनवेला सगळे होड्यांना फुलं वाहायचे, मी गाडीला वाहिली. गानं म्हनायचे धुताना. हे सकाळी यायचे तवा मी गात गात काच पुसत असायचे, गाडी चकचकीत, यांना वाटायचं विहिरीचंच पानी असनार, बोलायचे, तू गाडीला माझ्यापेक्षा जास्त जपतेस. मी हसायचे. तेवढाच माझा आनंद होता हो दिवसातला. दोन वर्सं एक दिवस चुकवला नाय.

गाडीनं पन काय कमी दिलं नाय. साहेब लोक बसले, नवरे-नवऱ्या बसल्या, हळदीची मानसं, दोन बाया तर पनवेलला पोचेपर्यंत बाळंत व्हायला आल्या होत्या, एक झालीच, मागच्या सीटवर, त्या पोराला अख्खं गाव फियाट म्हनायचं, आता त्यालाच पोरं हायत.

मग तो दिवस. आयच्या डोळ्याला पडदा आलेला, पनवेलच्या डॉक्टरांकडं न्यायची होती. आय पुढं बसली, मी मागं. कामोठ्याकडं आलो, तवा कामोठं म्हंजे शेतं आनि बगळे, आता तुमाला सांगून पटनार नाय. एक खड्डा आला, गाडी दनकली, आनि आय ओरडली, अरे माझा पाय, माझा पाय खाली गेला रे. बघतो तर खालचा पत्रा फाटून तिचा पाय गुडघ्यापर्यंत बाहेर, खालून रस्ता दिसतोय, आनि चप्पल कवाच मागं राहिली. नशीब यांनी लगेच ब्रेक मारला. खरचटलं तेवढंच. पन म्हातारी एवढी घाबरली, तिच्या तोंडातून शिवीसुद्धा येईना.

हळूहळू पनवेलला नेली, मिस्त्रीकडं. मिस्त्री म्हातारा मानूस, गाडी जॅकवर चढवली, खाली गेला, आनि यांना हाक मारली, ओ बाळारामशेठ, इकडं बघा. हेबी खाली वाकले. मी नि आय बाकड्यावर बसलो होतो. मला दिसत होतं सगळं. यांनी त्या फाटलेल्या पत्र्यावर बोट फिरवलं आनि ते बोट जिभेला लावलं. असं. मग तिथंच उकिडवे बसून राहिले, आनि माझ्याकडं बघितलं. जाम वेळ बघितलं. मला वाटलं, गाडी गेली म्हनून बिचारे.

आयनं विचारलं, कशानं झालं रे हे? मिस्त्री तोंड उघडनार, तेवढ्यात हे बोलले, माझ्यामुळं आय. फेरा वाचवायला मी मिठागराच्या बांधावरून गाडी घालायचो, भरतीच्या पान्यातून. रोज. खारं पानी लागलं, पत्रा खाल्ला.

झालं! घरी आल्यावर थोरले दीर चारचौघांत यांना काय काय बोलले, मी तुमाला ते सांगू शकत नाय. जमीन बुडवलीस, बापाचं मीठ पन तुला कळलं नाय, मिठागरात जन्मलास आनि लोखंड मिठात घालतोस? आय आठ दिवस यांच्या ताटात वाढायची पन बोलायची नाय. आनि मी, ताई, मी पन बोलले यांना. मला एवढा राग आला होता. मी रोज जीव लावून धुते नि तुमी पान्यात घालता? माझ्या बापसानं होडीला असं कवा केलं नाय, असं बोलले. आठ दिवस मी पाठ फिरवून झोपले.  हे फक्त एकदा बोलले, आता गाडीला पानी मारू नको, नवीन पत्रा लावलाय, सुक्या फडक्यानं पुसत जा. मला वाटलं, बघा, माझं तेवढं एक काम होतं, तेबी काढून घेतलं.

पुढं गाडी चालली तशीच, ठिगळं लावून. हे रबाळ्याला एका कारखान्यात ड्रायव्हर लागले, आनि सुट्टीच्या दिवशी फियाट. थोरले दीर यांच्याशी बोलायचे बंद झाले. एकाच घरात, एकाच चुलीवर, पन दोघं भाऊ चार वर्सं शेजारी जेवायला बसले नाहीत. मधे आमाला मुलगी झाली, तरी दोघांचं काय मिटलं नाय, आनि आयचं तोंडबी नाय मिटलं. पोरीच्या बारशाला दीर बंदरावर जाऊन बसले होते. यांनी त्या दिवशी ताट तसंच ठेवलं, जेवलेच नाहीत.

मुलगी दोन वर्सांची असताना मी माहेरी गेले. बापसानं होडीला मशीन बसवलं होतं, नवंकोरं. सगळे कौतुक करत होते. मी लाडानं बालदी भरली खाडीची, आनि मशीनवर ओतायला गेले. बापूस असा धावत आला, हातातून बालदी हिसकली, बोलला, अगं ए येडे, लोखंड हाय ते! खाऱ्या पान्यानं लोखंड खाऊन जातं. मी बोलले, पन तुमीच शिकवलं ना. तो बोलला, ते लाकडाला गं. लाकडाला.

मी तिथंच चिखलात बसले. मुलगी रडत होती तेबी मला ऐकू येईना. माझ्या डोळ्यासमोर ते एकच, हे पनवेलला गाडीखाली बसलेत, बोट जिभेला लावतायत आनि माझ्याकडं बघतायत. मिठागरातला मानूस, त्याला चव कळनार नाय का? यांना त्याच क्षनाला कळलं होतं. आनि मिस्त्रीनं तोंड उघडायच्या आधी यांनी दोष आपल्या डोक्यावर घेतला, कारन आय बाजूलाच बसलेली. माझं नाव निघालं असतं तर त्याच दिवशी मी माहेरच्या गावात, माझ्या बापसाच्या दारात असते, कायमची.

दुसऱ्या दिवशी परत आले. संध्याकाळी जेवनाच्या वेळेला, आय बसलेली, दीर बसलेले, जाऊ वाढत होती, हे कोपऱ्यात, नेहमीसारखे लांब.  मी बोलले, गाडी यांनी नाय खाल्ली, मी खाल्ली. दोन वर्सं मी खाडीच्या पान्यानं धुतली. हे कवाच बांधावरून गेले नाहीत. आता मला पाठवायचं तर पाठवा, पन यांना शेजारी बसवा.

  मग आय यांच्याकडं वळली, बोलली, मग मेल्या, इतकी वर्सं माझ्या शिव्या का खाल्ल्यास? हे भात कालवत होते. मान वर न करता बोलले, तुझ्या शिव्या मी लहानपनापासून खातोय आय, मला पचतात. हिला पचल्या नसत्या.

आयनं पदर डोळ्याला लावला, का तिचे डोळेच दुखत होते, देव जाने. पन दीर उठले, आपलं ताट उचललं, यांच्या शेजारी येऊन बसले, आनि आपल्या ताटातली कोळंबी उचलून यांच्या भातावर ठेवली. बोलले, जेव. त्यानंतर आयनं मला पांढऱ्या पायाची म्हटलेलं मला तरी आठवत नाय. शिव्या दुसऱ्या दिल्या, भरपूर दिल्या, पन ती नाय.

गाडी पुढं दोन-तीन वर्सं होती. शेवटी कळंबोलीचा भंगारवाला आला न्यायला, तवा हे घरातून बाहेर आलेच नाहीत, चावी मी दिली. ती उभी असायची तिथं आज रस्ता हाय, बंदर कुठं होतं ते दाखवायला गेले तर मलाच सापडत नाय. मी आता इथं खारघरला मुलीकडं, नवव्या माळ्यावर. जावई चांगला हाय. हे जाऊन सहा वर्सं झाली.

आजारी होते तवा मी एकदा विचारलं, एवढी आवडीची गाडी होती तुमची, मला एक शब्द तरी बोलायचा होता, निदान रागवायचं होतं. तर बोलले, रागवायचा विचार केला होता गं, पन तू गाडी धुताना गायचीस. या घरात तू आनखी कुठं गायलीस मला सांग. मग मी कसा रागावनार.

तुमचं लगीन व्हायचं हाय ना ताई? मग एवढंच सांगते, असा मानूस तुमाला मिळो. आनि नाय मिळाला तर वाईट वाटून घेऊ नका, तुमी कोनासाठी तरी अशा व्हा.