जसंच्या तसं सांगणाऱ्या मॅडम

सन्माननीय अध्यक्ष महोदय, दूरदेशाहून आवर्जून आलेले संस्थेचे संचालक साहेब, व्यासपीठावरील इतर मान्यवर, आमच्या युवक मंडळाचे आजी-माजी सभासद, समोर बसलेले बंधू-भगिनी, आणि आज निवृत्त होत असलेल्या आमच्या मॅडम,

अध्यक्षांनी मी उभा राहण्याआधीच 'थोडक्यात बोल' असं कानात सांगितलंय. ते मला लहानपणापासून ओळखतात.

मॅडम या परदेशी मदत संस्थेच्या इथल्या समन्वयक. पण आमच्या लेखी त्यांचं काम एकच. आम्ही बोलायचं, ते त्यांनी परदेशी साहेबांना सांगायचं. साहेब बोलतील ते आम्हाला सांगायचं. ऐकायला किती सोपं वाटतं, नाही का?

आमचं मंडळ सुरू झालं ते बस डेपोमागच्या एका खोलीत. मोडक्या व्हीलचेअर आणि कुबड्या आम्ही फुकट दुरुस्त करून द्यायचो. मी वेल्डिंग करतो, म्हणून माझ्याकडे ते काम. आणि हे सगळं डोक्यात आलं माझ्या थोरल्या बहिणीमुळे. लहानपणच्या आजारात तिचे पाय गेले. ती शाळेत गणित शिकवते. तेव्हा तिला शाळेत न्यायला-आणायला रोज मी किंवा वडील लागायचो.

आमचं काम संस्थेच्या कानावर गेलं आणि त्यांनी नव्याकोऱ्या खुर्च्या पाठवल्या. काय त्यांची चमक! हार झाले, फोटो झाले. दुसऱ्याच आठवड्यात बहीण रस्त्यावर तोंडावर आपटली. पुढची चाकं एवढीएवढीशी, गटाराच्या झाकणात अडकली. हनुवटी सोलपटली, तशीच ती वर्गावर गेली.

पुढे संचालक साहेब स्वतः आले. तेच साहेब आज इथे बसलेत, म्हणून जपून सांगतो. सभा भरली. आणखी खुर्च्या येणार असं जाहीर झालं, टाळ्या पडल्या, आणि माझ्या बहिणीने हात वर केला.

ती म्हणाली, "या खुर्च्या आता पाठवू नका. त्या दवाखान्याच्या फरशीसाठी केल्यात. माझ्या घरापासून शाळेपर्यंत कुठेच फरशी नाही. आधी विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही विचारलंच नाही."

आमचे तेव्हाचे अध्यक्ष मॅडमकडे वाकून म्हणाले, "मॅडम, तेवढं जरा गोड करून सांगा."

मॅडम उभ्या राहिल्या आणि बोलल्या. आम्हाला भाषा कळत नव्हती, पण साहेबांचा चेहरा कळत होता. त्यांनी काहीतरी विचारलं. मॅडमनी तेही आम्हाला सांगितलं. "साहेब विचारतायत, त्या खरंच असं म्हणाल्या का? मी म्हटलं, त्यांचा आवाज याहून कडक होता, तेवढा मला काढता येत नाही."

मग काय झालं? खुर्च्या थांबल्या. संस्थेकडून निरोपही थांबले. मंडळातले काही जण बहिणीवर चिडले, काही सोडून गेले. मॅडमना मुख्य कार्यालयाने खुलासा द्यायला बोलावून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी त्या आमच्याकडे आल्या होत्या. बहिणीने विचारलं, "माझ्यामुळे तुमची नोकरी जाणार का?"

मॅडम म्हणाल्या, "गेली तर जाईल. पण आज मी तुझं बोलणं बदलून त्यांना सांगितलं, तर उद्या त्यांचंही बदलून तुला सांगेन. मग तुम्ही दोघं बोलत राहाल, पण कुणाशी?"

आई चहा टाकायला उठली होती, ती तिथेच उभी राहिली.

नोकरी गेली नाही. साहेबांनी ते बोलणं मनावर घेतलं, याबद्दल आज त्यांच्यासमोर त्यांचे आभार मानतो. या खेपेला त्यांनी खुर्च्या पाठवल्या नाहीत, एक इंजिनियर बाई पाठवली. ती आमच्या खोलीत लोखंडाच्या भुशात मांडी घालून बसली आणि आमच्याशी भांडली. आम्ही बनवलेली पहिली खुर्ची बघून बहीणच म्हणाली, "ही ढकलायला दोन पैलवान लागतील." इंजिनियर बाईंचा सांगाडा हलका, पण आमच्या रस्त्यावर त्याला तडा गेला. मग पुन्हा भांडण. वेल्डिंगचा गंधही नसलेल्या मॅडम मधे बसून दोन्हीकडचा राग इकडून तिकडे पोचवायच्या. घसा बसला त्यांचा. शेवटी पुढचं मोठं चाक आमचं आणि हलका सांगाडा त्यांचा, अशी खुर्ची उभी राहिली.

त्या खुर्चीवरून बहीण पहिल्यांदा एकटी शाळेत गेली. शाळा सुटली तरी घरी येईना. आईने लगेच मला पिटाळलं. मी शोधत गेलो, तर ही बाजारात भांड्यांच्या दुकानासमोर.

"काय घ्यायचंय?" मी विचारलं.

"काही नाही. बघतेय."

मी तिला तिथेच सोडून घरी आलो. आईला म्हटलं, येईल ती, तिची ती येईल.

आज आमच्या खुर्च्या दुसऱ्या गावांनाही जातात. खोलीची जागा शेडने घेतली. आणि संस्थेबरोबरच्या करारात पहिलंच वाक्य असं आहे, की वस्तू वापरणाऱ्याला विचारल्याशिवाय काहीही पाठवायचं नाही. असं वाक्य इतर कुणाच्या करारात असेल का, मला माहीत नाही. असावं, असं वाटतं.

काल मी मॅडमना विचारलं, "आता निवृत्तीनंतर काय करणार?" त्या म्हणाल्या, "सकाळी उठून चहा पिणार. कुणाचं कुणाला काही न सांगता."

मॅडम, तो चहा तुम्हाला निवांत मिळो. मंडळातर्फे तुमचे, साहेबांचे, हॉल देणाऱ्या शाळेचे आणि मला इतका वेळ सोसणाऱ्या अध्यक्षांचे मनापासून आभार. बोलण्यात कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द अधिकउणा गेला असेल, तर पोटात घाला. माझी बहीण पहिल्या रांगेत बसली आहे. मॅडमना शाल द्यायला तिने पुढे यावं, अशी विनंती करून मी बसतो.