घरची कौलं

शेलूबाजारच्या थांब्यावर माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. लेक कोकणात शेवंडांची, म्हणजे मोठ्या समुद्री झिंग्यांची, पिल्लं वाढवायच्या केंद्रात नोकरीला. सुट्टी संपवून परत निघालेली.

"मंग तुहे झिंगे मरून काहून राह्यले होते, पौर्णिमे?"

"माह्यीच चूक, आई. टाकीत कौलं होती, दगडं होती. मी सगळं बाहेर फेकून टाकी लख्ख केली. आपल्या घरासारखी."

"लख्ख केली तं काय बिघडलं?"

"ते वाढताना कात टाकतात. तवा अंग लोण्यावानी मऊ असते. लपायले जागा नसली, की बाकीचे त्याले खाऊन टाकतात."

"अव माय! भाऊच भावाले?"

"पोट भरलं नाई तं खातातच. नुसत्या कोरड्या गोळ्या खाऊन फिक्के बी पडले होते. आता शिंपल्यातलं ताजं मांस चारतो, तं रंग चढून राह्यला. मले वाटलं होतं, नोकरी गेली. पण सायब म्हणे, पुढची टाकी बी तूच सांभाळ."

"अन् लपायले?"

"सध्या पाइपाचे तुकडे टाकले. कौलं आणा लागतील. चाल, गाडी आली. दे ती थैली. आई! एवढी जड? डाळ किती भरली?"

"डाळ वरतं हाय. खाली कौलं हायेत. काल तू फोनवर सायबाले कौलं पायजेत म्हणत होती, ते ऐकलं मी. स्लॅब टाकल्यापासून घरामागं पडून होती."

"अव आई, कोकणात घरोघरी कौलं असतात!"

"असतील. पण या कौलांखाली तू वाढली, हे मले पक्कं माहीत हाय."