गॅलरीखालच्या भिंगऱ्या

माझे नाव, पत्ता व फोन नंबर वर लिहून घेतला आहे, तो बरोबर आहे. वय ५२ वर्षे, धंदा शिवणकाम, शाळांचे गणवेश शिवते. राहण्यास पती व सासूबाईंसह भाड्याच्या दोन खोल्यांत. मी समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की,

माझे पती बस ड्रायव्हर आहेत. 'होते' असे लिहू नये. ते सध्या रजेवर आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या बससमोर अचानक एक सायकलस्वार आला व जागीच दगावला. चौकशीत माझ्या पतींचा दोष नाही असे ठरले. ते ठरण्याआधी जमावाने त्यांना बसमधून खाली ओढून मारले होते. मी तेथे नव्हते.

त्यानंतर पतींनी घराबाहेर पडणे सोडले. पूर्वी सासूबाई त्यांना म्हणायच्या, "तुझ्या पायाला भिंगरी आहे." तेच पती भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. माझ्या मशीनच्या आवाजाने दचकत, म्हणून मी मशीन बाहेर पॅसेजमध्ये नेले. घरी कोणी आले, काही विचारले, तर त्यांच्या वतीने मी बोलत असे. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. पक्षी पाहून आजार बरा होतो असे माझे म्हणणे नाही. डॉक्टरांनीच सांगितले की गोळ्यांच्या जोडीला रविवारच्या गटात नेऊन बघा.

हा गट तळ्याकाठच्या बगीच्यात सकाळी जमतो. गट चालवणाऱ्या बाई निवृत्त नर्स आहेत, सगळे त्यांना सिस्टर म्हणतात. गटात येणाऱ्या प्रत्येकाचे काही ना काही बिनसलेले असते. ते कोणी कोणाला विचारत नाही. पहिल्या दिवशी पती मला म्हणाले, "कावळे बघायला पहाटे कोण उठतं?" मी म्हणाले, "तुम्ही उठलाय. आता चप्पल घाला." आम्ही चालत गेलो, कारण अपघातानंतर ते कुठल्याच गाडीत बसत नव्हते.

गटात काय करता, असे विचारल्यावरून सांगते की, फोन बंद करून गप्प बसायचे आणि एका पक्ष्याकडे बघत राहायचे. सिस्टर म्हणतात, "नाव नाही आलं तरी चालेल. मनात भलतंसलतं आलं तर येऊ दे, त्याच्याशी भांडायचं नाही. परत पक्ष्याकडं यायचं." शेवटी गोल करून बसायचे व ज्याला वाटेल त्याने काय पाहिले ते सांगायचे. माझे पती कित्येक रविवार काहीच बोलले नाहीत. त्यांना कोणी आग्रह केला नाही. मग एकदा एक भिंगरी (हे पक्ष्याचे नाव आहे) पाण्याला पोट लावून गेली तेव्हा ते म्हणाले, "वळताना ब्रेकच मारत नाही ही." सगळे हसले. तेही हसले. मी त्या वेळी थर्मासचे झाकण लावत होते. ते बराच वेळ लागत नव्हते.

बगीच्याच्या मागे एक रहिवासी इमारत आहे. तिच्या तिसऱ्या मजल्यावरील एका गॅलरीच्या खालच्या बाजूला भिंगऱ्यांनी मातीचे घरटे केले आहे. सुरई आडवी चिकटवावी तसे ते दिसते. माझे पती दर रविवारी तेच बघतात. दुर्बीण सिस्टरांची आहे.

आज सकाळी पती ते घरटे बघत असता इमारतीचे सेक्रेटरी दोन वॉचमन घेऊन आले. त्यांनी मागून येऊन माझ्या पतींची कॉलर धरली व मोठ्याने म्हणाले, "बायकांच्या खिडक्यांत बघतोस काय रे? दर आठवड्याला पाहतोय मी तुला!" चालायला आलेली माणसे जमली. एकाने मोबाइलवर शूटिंग सुरू केले. "द्या दोन ठेवून," असेही कोणी म्हणाले. कोण ते मला दिसले नाही. मी माझ्या पतींकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग गेला होता.

मी ओरडणार होते. तेवढ्यात सिस्टर नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "सगळे खाली बसा." गटातले सगळे माझ्या पतींच्या भोवती गोल करून गवतावर बसले. औषधाच्या दुकानाचे मालक गुडघेदुखीमुळे कधी खाली बसत नाहीत, तेही बसले. मीही बसले. पुढे यायचे तर लोकांना आमच्या अंगावर पाय द्यावा लागला असता. जमलेल्यांपैकी एक जण मागे वळून म्हणाला, "आता यांचं काय करायचं?"

पती उभे होते. ते श्वास घेताना मला दिसले. मग ते सेक्रेटरींना म्हणाले, "कॉलर सोडा. मी पळत नाही. दुर्बीण हवी तर घ्या, पण पट्टा मानेत आहे, तो आधी काढू द्या." सेक्रेटरींनी कॉलर सोडली. पतींनी पट्टा काढून दुर्बीण त्यांच्या हातात दिली व म्हणाले, "खिडकीत नाही, गॅलरीच्या खाली बघा."

"पक्षी बघायला मला वेळ नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"दिसतंच आहे ते," सिस्टर म्हणाल्या.

एवढ्यात त्या तिसऱ्या मजल्यावरच्या बाई खाली आल्या. हातांना साबण तसाच होता. त्या म्हणाल्या, "खिडकी माझी आहे. मी कुणाकडं तक्रार केली होती? परस्पर माझ्या नावानं तमाशा कशाला?" त्यांनी हात पदराला पुसून सेक्रेटरींकडून दुर्बीण घेतली. माझ्या पतींनी त्यांना कुठे धरायची ते बोटाने दाखवले, शेजारी उभे राहिले नाहीत. बाई बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "अगं बाई, तोंडं दिसतायत पिल्लांची! माझ्या पायाखाली संसार मांडलाय आणि मला पत्ता नाही." तेव्हा शूटिंग करणाऱ्याने मोबाइल खिशात ठेवला.

कोणी फोन केला माहीत नाही, पण पोलिसांची गाडी आली. हवालदारांनी "काय प्रकार आहे?" असे मला विचारले. उत्तर माझ्या पतींनी दिले. काही गाळले नाही, काही वाढवले नाही. ठाण्यात यावे लागेल म्हटल्यावर 'आम्ही चालत येतो' असे मी सांगणार होते. ते आधीच गाडीकडे निघाले होते. पुढच्या सीटजवळ थोडे थांबले, दार धरले व बसले. वाटेत त्यांनी गाडी चालवणाऱ्या शिपायास सांगितले, "साहेब, क्लच घासतोय. दाखवून घ्या."

सेक्रेटरींविरुद्ध माझे म्हणणे एवढेच की, कॉलर धरली ती चारचौघांत, तेव्हा माफीही तिथेच, त्याच बगीच्यात मागावी. शूटिंग पुसून टाकायला लावावे. आम्ही पुढच्या रविवारी तेथे बसणार आहोत. पिल्ले उडेपर्यंत घरटे कोणी पाडू नये, असे तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनीही सांगितले आहे.

माझे पती बाहेर बाकावर बसले आहेत. त्यांचे म्हणणे त्यांनाच विचारावे. मला बोलावू नये.

वरील जबाब मला वाचून दाखवला. आधी गेल्या वर्षीच्या अपघाताबाबत 'जमावाने धक्काबुक्की केली' असे लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून 'मारले' असे दुरुस्त केले आहे. आता तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करते.