कॉर्नीकाकांच्या बाकावरची जागा

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या कारभारी मंडळाचे प्रमुख माननीय हाइनरिख पेन्नर, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या पाळकबाई मार्लिस वीबे, शेजारच्या गावांतून एवढ्या चिखलात गाड्या घालून आलेले पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते आदरणीय कॉर्नेलियस फ्रीझन, म्हणजे आपल्या सगळ्यांचे कॉर्नीकाका, आणि नॉयबाख मेनोनाइट मंडळीतल्या माझ्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

पाहुण्यांसाठी सांगते, मी टीना डिक. उपासना समितीचं काम बघते, म्हणून हे भाषण माझ्या गळ्यात पडलं. अध्यक्षांनी मला बजावलंय की कॉफी निवायच्या आत आटप. त्यांचा अनुभव दांडगा आहे. मी बोलायला लागले की कॉफी काय, ओव्हनसुद्धा निवतो.

आपल्या लोकांत माणसाची स्तुती त्याच्या तोंडावर करायची रीत नाही. माझे वडील म्हणायचे, स्तुती करायची तर कबरीशी करा, तिथं ऐकून कोणी फुगत नाही. त्यामुळे कॉर्नीकाका, तुम्ही खाली मान घालून बसलाय ते मला दिसतंय, पण आज तुमची सुटका नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही मुलीकडे, पार समुद्राकाठी राहायला जाणार. आज बोलले नाही तर कधी बोलू?

या देवळात पियानो येण्याआधीपासून काका आपल्याला सूर देत आले. उभं राहायचं, घसा खाकरायचा, एकच स्वर गुणगुणायचा, की आपले चारही आवाज आपापल्या जागी लागायचे. माझ्या लग्नात वादळामुळे आमची गाडी बर्फात रुतली. इकडे लोक चुळबुळ करायला लागले, तर काकांनी एकच लांबलचक स्तोत्र तीनदा म्हणून घेतलं. मी धापा टाकत आत आले तेव्हा हळूच म्हणाले, "टीना, तुझ्या लग्नात माझा घसा बसला. नवऱ्याला सांग, मधाची बरणी पाठव." बरणी पाठवली होती बरं का. नवरा कंजूस आहे, पण इतका नाही.

असे किस्से पुष्कळ आहेत, आणि तेच सांगून मी खाली बसणार होते. या मंगळवारपर्यंत माझा बेत तसाच होता. पण मंगळवारी एक गोष्ट कळली, आणि ती न सांगता तुम्हाला निरोप देणं मला जमणार नाही. अध्यक्षांची परवानगी घेतली आहे. ते म्हणाले, "सांग. माझं नाव घालून सांग."

मागच्या उन्हाळ्याकडे येते. पाळकबाई आपल्याकडे नव्यानंच आल्या होत्या. त्यांनी ठरवलं की उन्हाळाभर उपासना ओढ्याकाठी झाडांखाली घ्यायची, आणि विषय एकच, पाणी आणि देवाचं सान्निध्य. दर रविवारी कोणीतरी आपल्या घरचं पाणी तांब्याभर आणायचं, पुढं ठेवलेल्या पत्र्याच्या टबात ओतायचं, आणि त्या पाण्यापाशी देव कधी भेटला ते सांगायचं. शेवटच्या रविवारी त्याच पाण्यानं एकमेकांचे पाय धुवायचे.

जुन्या लोकांनी नाकं मुरडली. बाहेर उपासना म्हणजे सहल झाली, असं कोणी म्हणालं. पण हळूहळू रंग चढला. झुझाना रेम्पेलकाकूंनी गारा वितळवून आणल्या आणि म्हणाल्या, "यांनी माझ्या काकड्या झोडपल्या. देव भेटला की नाही ठाऊक नाही, भेटला तर दोन शब्द बोलायचेत." पाळकबाई इतक्या हसल्या की त्यांना पुढची प्रार्थना सुचेना.

मग एका रविवारी कॉर्नीकाका उठले. त्यांच्या हातात तांब्या नव्हता.

पाहुण्यांना दोन वाक्यांत सांगावं लागेल. काका आणि त्यांचे धाकटे भाऊ याकोब यांची शेतं लागून. आपली जमीन ताटासारखी सपाट. पाण्यानं कुठं जायचं ते त्याला कोणीतरी सांगावं लागतं, आणि या दोन भावांनी त्याला दोन वेगळ्या गोष्टी सांगितल्या. एका ओल्या वसंतात थोरल्यानं मधला चर खोल केला, धाकट्यानं चराच्या मोरीला फळ्या ठोकून पाणी अडवलं. एकाचं पेरलेलं शेत गेलं, दुसऱ्याचं अंगण बुडालं. त्यानंतर वीसेक वर्षं ते एकमेकांशी एक शब्दही बोलले नाहीत.

आणि आपण काय केलं? आपण शांतीची माणसं. हाती शस्त्र धरायला नको म्हणून आपल्या पणज्यांनी देशामागून देश सोडले. आपण भांडण मिटवायला गेलो नाही, कोणाची बाजू घेतली नाही. आपण थोरल्याला खिडकीशी बसवलं आणि धाकट्याला शेगडीशी. आपल्याकडे ज्याच्या शेजारी बसाल त्याचेच पाय धुवायचे असतात, म्हणून पाय धुण्याच्या रविवारी तर विशेष काळजी. दाराशी उभं राहून जागा दाखवणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नसे. पाळकबाईंनी आल्या आल्या विचारलं होतं, मंडळीत काही तंटे आहेत का? आपण सांगितलं, छे, सगळं शांत आहे.

तर काका उठले आणि म्हणाले, "पाण्यात देव भेटतो असं बाई म्हणतात. आमच्या चरात मला तो कधी दिसला नाही. दिसला असता तर मी फावडं खाली ठेवलं असतं." एवढंच बोलून बसले.

पुढच्या रविवारी याकोबकाका उठले. कधी पुढं न येणारा माणूस. त्यांनी लोणच्याच्या बाटलीतून गढूळ पाणी टबात ओतलं, "चरातलं," एवढंच म्हणाले आणि जागेवर गेले. त्यानंतर कॉर्नीकाकांनी जो सूर दिला तो इतका वर लागला की आम्ही बायका किंचाळत गायलो. जन्मात त्यांचा सूर चुकला नव्हता. आम्हाला वाटलं, वय झालं.

शेवटचा रविवार आला. बाकं ओढ्याकाठी नेऊन देवळातल्या क्रमानंच मांडली होती. म्हाताऱ्या पायांना गार पाणी सोसत नाही, म्हणून कॉर्नीकाका आणि पाळकबाई किटल्या तापवायला देवळाच्या स्वयंपाकघरात गेले. तिथं काका बाईंना म्हणाले, "माझ्या शेजारची जागा मी मोकळी ठेवून आलोय. आज तो आला तर बरं." बाईंनी मला हे मंगळवारी सांगितलं.

ते दोघं किटल्यांपाशी असताना याकोबकाका आले. शेगडीवाल्यांच्या बाकाकडे गेले नाहीत. सरळ चालत पुढं गेले, कॉर्नीकाकांच्या बाकावर त्या मोकळ्या जागी बसले, आणि टोपी मांडीवर ठेवली.

आणि हाइनरिख पेन्नर, ज्यांच्याकडे त्या दिवशी जागा दाखवायचं काम होतं, ते लगबगीनं गेले, वाकले, आणि अगदी प्रेमानं त्यांच्या कानात म्हणाले, "याकोबभाऊ, तुमची जागा तिकडं ठेवलीय."

याकोबकाकांनी त्यांच्याकडे पाहिलं, टोपी उचलली आणि उठले. आपल्यात हुज्जत घालत नाहीत. पाहणारे पाचसहा जण होते, पण त्यांना त्यात पाहण्यासारखं काही वाटलंच नाही. वर्षानुवर्षांचं ते. मी बायकांच्या बाजूला होते, मला तर काहीच दिसलं नाही.

कॉर्नीकाका किटली घेऊन परतले तेव्हा त्यांच्या शेजारी पीटर लेप बसला होता. काकांनी क्षणभर पाहिलं, आणि दुखरा गुडघा कसाबसा टेकवून पीटरचे पाय धुतले. पद्धतीप्रमाणे त्याला मिठी मारली, शांती असो म्हणाले. त्यांना वाटलं, भाऊ शेजारी बसायला आलाच नाही.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात याकोबकाका अंगणात लाकडं रचता रचता गेले. कॉर्नीकाकांनी दफनाच्या वेळी सूर दिला. हिवाळा सरल्यावर म्हणाले, आता सूर लागत नाही, दुसरा माणूस बघा.

आता मंगळवार. आम्ही बायका याच स्वयंपाकघरात आजच्या फराळासाठी झ्वीबाखचे पाव भाजत होतो. याकोबकाकांच्या आगाथाकाकू पिठाच्या गोळ्यावर गोळा बसवत होत्या. कोणीतरी म्हणालं, आगाथा, शनिवारी पुढं बसायचं हं, घरचीच आहेस. काकू म्हणाल्या, "पाव भाजून देईन. समोर येऊन बसणार नाही. माझ्या माणसाला त्यानं शेजारी बसू दिलं नाही."

अध्यक्ष तेव्हा खुर्च्यांची चवड उचलून नेत होते. तिथंच थबकले. म्हणाले, "कोणी बसू दिलं नाही?"

"कॉर्नीनं. तुझ्याकरवी उठवलं ना?"

"काकू, कॉर्नीला यातलं काही ठाऊकच नाही. मीच उठवलं. मला वाटलं, याकोबभाऊंचं लक्ष नाही, चुकून बसले."

काकूंनी हात धुतले. स्टुलावर बसल्या. मग एकेक सांगायला लागल्या. आदल्या दिवशी याकोबकाका ओसरीत उन्हाला बसून पायाची नखं कापत होते. ठेवणीतले नवे मोजे काढले होते. काकूंनी चेष्टा केली, लग्नाच्या दिवशी एवढी तयारी नव्हती केलीत. तर म्हणाले, "त्याचा गुडघा वाकत नाही गं. आधी मी धुतो. मग त्याचं तो बघेल." आणि दुसऱ्या दिवशी घरी परत जाताना गाडीत एवढंच म्हणाले, "त्याला नको होतं." त्यावर नंतर कधी बोलले नाहीत.

कॉर्नीकाका, मी म्हटलं, मी तुमच्या घरी जाऊन हे एकांतात सांगते. आगाथाकाकूंनी ऐकलं नाही. म्हणाल्या, "चारचौघांत उठवलंत, चारचौघांत सांगा." म्हणून सांगतेय. तुमचा भाऊ आला होता. तुम्ही मोकळ्या ठेवलेल्या जागेवर तो स्वतःहून येऊन बसला होता.

मला याचं फार वाईट वाटतं. हाइनरिखभाऊ, तुम्ही मान वर करा. त्या दिवशी जागा दाखवायला माझा नवरा असता तर त्यानंही तेच केलं असतं, आणि मी घरी गेल्यावर त्याला शाबासकी दिली असती. पाळकबाई, तुम्ही उन्हाळाभर आम्हाला विचारत होतात, देव कुठं भेटला. मला वाटतं, त्या सकाळी तो त्या बाकापर्यंत आला होता. आम्ही नेहमीच्या आदबीनं त्याला दुसरी जागा दाखवली.

कॉफी निवली असणार. आभार मानते. पाव भाजणाऱ्या, खुर्च्या मांडणाऱ्या, लांबून आलेल्या सर्वांचे आभार. कॉर्नीकाकांना नेणाऱ्या त्यांच्या मुलीचे, रीटाचे आभार, तिनं त्यांना जपावं. आणि आगाथाकाकूंचे आभार. त्या आज समोर बसल्या आहेत.

शेवटी वक्त्यानं म्हणायचं असतं की बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. मीही म्हणते, पण ते माझ्या बोलण्यापुरतं नाही. काका, दोन भावांना वेगवेगळं बसवलं आणि त्यालाच शांती म्हटलं, त्या सगळ्या मंडळीच्या वतीनं मी तुमची क्षमा मागते. लगेच काही बोलू नका, सावकाश द्या, किंवा देऊ नका. तुमच्याकडे निदान मागता तरी येते. याकोबकाका तर, तुम्हाला ते नको होते, असं समजूनच गेले.