सातशे चौदा नारळ

सेल बदला म्हणे! सेल बदला! अहो ताई, सेल बदलूनच तर ही वेळ आलीय माझ्यावर! नाही, रागावलो नाही तुमच्यावर, तुम्ही आपलं चांगल्या मनानं सांगितलंत, की डबीवरचा आकडा फिका दिसतोय, सेल बदला... पण हात नका लावू! काका, तुम्ही पण जरा सरका, धक्का लागेल... हां. आता ही कापडे गावची एस.टी. काही अर्ध्या तासाच्या आत पोलादपूरच्या स्टँडात शिरत नाही. कंट्रोलर म्हणतो "येईल", म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. तेवढ्यात ऐका, आणि सगळे मिळून सांगा, मी काय केलं? खून केला? दरोडा घातला? सेल बदलला हो! फक्त सेल बदलला!

मी मुनाफ. महाडचा घड्याळवाला. बाजारपेठेत आम्ही पाच घड्याळवाले होतो, अब्बांच्या वेळेपासून. मग आला मोबाईल! लोक मोबाईलात वेळ बघायला लागले, मनगटं मोकळी झाली, आणि एकेक घड्याळवाला भिंग काढून रिचार्जची कुपनं विकायला लागला. मी एकटा राहिलो डोळ्याला भिंग लावून. बघायला काय, तर माश्या! रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावतो, तसा मला रिकाम्या घड्याळवाल्याला नाद लागला. कसला? दारूचा लागला असता तर बायकोला निदान कुणाला सांगता तरी आलं असतं. मला लागला या डब्यांचा! हे हातात धरून खेळायचे जुने खेळ हो, काचेवर काळी चित्रं, दोन बटणं, टिक टिक टिक. ऐंशी-नव्वद साली आमच्याकडचे लोक कुवेतहून, मस्कतहून पोरांसाठी आणायचे. पोरं मोठी झाली, खेळ माळ्यावर गेले. मी घरोघर फिरायचो, "भाभी, माळ्यावर एखादी जुनी डबी हाय का?" सलमा, माझी बायको, कपाळाला हात लावून सगळ्या मोहल्ल्यात सांगायची, "लोक गल्फातून सोनं आणतात, आणि आमचे हे, लोकांनी गल्फातून आणलेला कचरा गोळा करतात!"

सत्तावीस जमवले होते, तुम्हाला सांगतो. बिस्किटांच्या तीन पत्र्याच्या डब्यांत, कापसात गुंडाळून. आणि आला दोन हजार पाचचा पूर! सावित्रीचं पाणी दुकानाच्या माळ्याला लागलं. पाणी उतरल्यावर शटर उचकटलं, गुडघाभर चिखल, आणि मी गिऱ्हाइकांची घड्याळं सोडून आधी काय शोधलं? ते डबे! सत्तावीसातला एक चालू नाही. चिखलात बसून रडलो हो मी, मोठ्यानं. सलमा म्हणाली, "लोकांची माणसं गेली, दरडीखालून अजून काढतायत, आणि तुम्ही खेळण्यांसाठी रडता?" खाली मान घातली. बरोबर होतं तिचं.

पण नाद सुटतोय होय? पुढच्याच वर्षी, आषाढात, गोमाजी आला दुकानात. कापड्याच्या वरच्या वाडीतला म्हातारा, खांद्यावर घोंगडी, घोंगडीतून पाणी टपटप माझ्या काउंटरवर. म्हणाला, "घड्याळवाला तूच काय? पोराचा एक डबा हाय घड्याळासारखा. त्याच्यावरचा आकडा पुसाट व्हाया लागलाय. म्हातारी रडते." मी म्हटलं, घेऊन या. "घराभायेर नाय काढत ती. तूच चल." आता पावसात दीड तासाची चढण! कोण जाईल? पण "पोराचा डबा" ऐकलं आणि माझे कान उभे राहिले. गेलो. जळवा काढत काढत गेलो.

त्यांचा पोरगा जितेश. ट्रकवर ड्रायव्हर होता. त्याआधी तीन वर्षं कशेडी घाटात ट्रक खाली गेला, जितेश गेला, वय चोवीस. सामानात ही डबी आली. घरात गेलेल्या माणसाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवतात ना त्यांच्यात, तो करायचा तर भावकी जमायला हवी, आणि भावकी मुंबईला. जमेल तेव्हा जमेल! तोवर त्याच्या आईनं, अंबूबाईनं, टाकांच्या शेजारी पोराच्या जागी पोराचा खेळ ठेवला. हळद, कुंकू, फूल. बटणाच्या फटीत कुंकू गेलेलं. आणि खेळ कुठला? नारळवाला! वरून माकड नारळ टाकतं, खाली माणूस टोपली घेऊन पळतो, झेलला नारळ की एक आकडा, तीन पडले की खेळ खलास. तीन वर्षं शोधत होतो मी तो, तीन वर्षं! खरं सांगतो, खोटं कशाला बोलू, त्या आईच्या दारात उभं राहून माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली? हा मला पाहिजे.

अंबूबाई म्हणाली, "बाबा, बटन दाबलं की माझ्या जितूचा आकडा येतो. त्यानं लावलेला. समद्यात मोठा. आता दिसत नाय." मी डबी हातात घेतली. आता तुम्ही सांगा, घड्याळवाल्याच्या हातात फिकी काच आली तर तो काय करेल? अब्बांनी पहिल्या दिवशी शिकवलं, आधी सेल बघ! बोटांना डोळे असतात आमच्या. मी तिच्याशी बोलत होतो, "चहा नको, साखर कमी", आणि बोटांनी तोवर मागचं झाकण उघडलं, जुने सेल काढले, नवे घातले. कट्! काच कशी लखलखीत! माकड काळंभोर! मी खूश! बटण दाबलं... शून्य.

अहो, घड्याळाचा सेल काढला की वेळ जातेच! रोज जाते! मग आपण लावून देतो, रेडिओच्या ठोक्याला. तीस वर्षांत एका गिऱ्हाइकानं विचारलं नाही की माझी आधीची वेळ कुठे गेली! पण हा आकडा कुठल्या रेडिओवर लावायचा? काय केलं मी? सेल बदलला!

आणि मी वाचलाही नव्हता हो तो आकडा. फिका होता. म्हातारी विचारते, "आला काय?" मी म्हटलं, "येईल, येईल, आत आहे, थंडीनं बसलाय." थंडीनं! जीभ कशी झडली नाही माझी! मग हळूच विचारलं, "आकडा किती होता, अंबूबाई?" ती म्हणाली, "मला कुठं वाचाया येतं? पयला कोयता, मग काठी, मग पालथी खुर्ची." चुलीतल्या राखेत बोटानं काढून दाखवलं. कोयता म्हणजे सात. काठी म्हणजे एक. पालथी खुर्ची, चार. सातशे चौदा! मी उभ्या आयुष्यात कुठल्याही डबीवर दोनशे बाराच्या वर गेलो नव्हतो!

म्हटलं, दुकानात नेऊन दुरुस्त करतो. "घराभायेर नाय जायाचा. जितू पन असाच येतो म्हनून गेलेला." संपलं! मग काय, दर रविवारी मी वाडीवर. सकाळची गाडी, चढण, ओटीवर बसायचं, आणि तो आकडा पुन्हा लावायला खेळायचं, टिक टिक टिक टिक. एकशे ऐंशी. दोनशे तीस. गोमाजी म्हशी सोडताना बघायचा आणि म्हशींना सांगायचा, "घड्याळवाल्याची दुरुस्ती चालू हाय बरं!" सलमा म्हणायची, "बाईचं लफडं असतं तर मी भांडले तरी असते. माकडाशी काय भांडू?"

चौथ्या रविवारी अंबूबाई समोर भाकरी ठेवून माझ्याकडे बघत बसली. म्हणाली, "माझा जितू पन अशीच जीभ भायेर काढून दुरुस्ती करायचा." मी डबी खाली ठेवली. सगळं सांगितलं. सेल बदलला, आकडा गेला, माझी चूक. ती ओरडली नाही हो. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "सकाळी बटन दाबायची, आकडा यायचा. वाटायचं, उठला." मग पदरानं नाक पुसलं आणि म्हणाली, "तू लाव. तो सातवी नापास. त्याला लावता आला, तुला शिकलेल्याला काय झालं?"

खेळलो, तुम्हाला सांगतो! असं खेळलो की झोपेत अंगठे हलायचे. गणपती गेले, भात कापून झाला, चारशे. दिवाळी गेली, पाचशे नव्वद. आणि नीट ऐका, यातली मेख अशी, की काचेवर राहतो तो सगळ्यात मोठा आकडा. म्हणजे सातशे चौदाच्या वर एक नारळ चालायचा नाही. सातशे चौदावा झेलला की हात सोडायचे, आणि तीन नारळ पडू द्यायचे. एवढंच! झेलणं अवघड. पडू द्यायला काय अक्कल लागते?

मार्गशीर्षातला रविवार. त्या दिवशी हात असे लागले, असे लागले... सहाशे! साडेसहाशे! गोमाजी म्हशी सोडून दारात उभा. अंबूबाईनं चूल विझू दिली. सातशे! सातशे दहा, अकरा, बारा, तेरा... चौदा! कोयता, काठी, पालथी खुर्ची! आता सोड, मुनाफ, सोड हात!

नाही सोडले. अहो, नाही सुटले! पंधरावा आला, झेलला. एवढ्या वर्षांच्या नादात असे हात कधी लागले नव्हते, पुन्हा लागतील कशावरून? म्हटलं, अजून एक. अजून एक. आईशप्पथ सांगतो, त्या घडीला माझ्या डोक्यात जितेश नव्हता, ती माउली नव्हती, फक्त माकड होतं! आठशे तीनला तिसरा नारळ पडला. मी मान वर केली, आणि हसत होतो हो मी! शाबासकीसाठी तोंडाकडे बघत होतो!

अंबूबाईनं डबी घेतली, डोळ्याजवळ नेली. "ह्यात कोयता कुठं हाय?" गोमाजी पायात वहाणा न घालताच गोठ्याकडे गेला. तिनं काचेवरून अंगठा फिरवला, आणि म्हणाली, "हरवलास माझ्या पोराला." मी म्हटलं, अंबूबाई, सेल काढतो, पुन्हा शून्यापासून लावतो, पुढच्या रविवारी... तिनं डबी माझ्या हातात ठेवली. माझी बोटं मिटवली. "ह्यो तुझा आकडा, बाबा. रोज सकाळी मी तुला उठवू काय? घिऊन जा."

झालं! पाहिजे होता ना? मिळाला! फुकट मिळाला! डबी खिशात घालून मी ती चढण उतरलो आणि ओढ्याजवळ बसून, काय सांगू, पुराच्या वेळी रडलो नव्हतो तेवढा रडलो.

त्याला आता सव्वा वर्ष झालं. सेल काढून आठशे तीन पुसला, आणि दुकानात बसून पुन्हा शून्यापासून खेळतो; वर गेला की परत सेल काढायचा. गिऱ्हाईक येतं, बघतं, जातं. दर रविवारी इथवर येतो, सवयीनं, कापड्याची गाडी लागते, सुटते, मी चढत नाही. काय तोंडानं चढू? आणि काल... काल संध्याकाळी लागला. सातशे चौदावा झेलला आणि डबी काउंटरवर टाकून दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो! तीन नारळ पडले. धप्, धप्, धप्. सलमा भाजी घेऊन आली होती, म्हणाली, "काय झालं? हात भाजले?" मी म्हटलं, बघ. कोयता, काठी, पालथी खुर्ची.

आणि आज सकाळपासून तो फिका पडायला लागलाय. खेळून खेळून सेल संपले ना! आता बोला, ताई! माझ्या या खिशात नवे सेल आहेत. वरून दोन तारा टेकवून, जुन्याला धक्का न लावता नवा जोडता येतो, हे आता कळतं मला, अक्कल नंतरच येते. पण हे हात बघा. सातशे चौदावर सुटले नव्हते ते हेच. या हातांवर तुम्ही तुमच्या पोराला सोपवाल?... मी नाही सोपवणार.

आली! आली गाडी, काका, दार धरा जरा, धक्का नका देऊ... चढतो आज. तिला एकदा दिसेपर्यंत टिकला म्हणजे पुरे. घेईल की नाही, माहीत नाही. घेतलाच, तर ती विचारणार, "बाबा, पुसाट का रे झाला?" मी सांगेन, अंबूबाई, सेल बदलायला झालाय, पण माझ्याकडून नको, महाडात दुसरा चांगला घड्याळवाला बघा.

आणि महाडात दुसरा घड्याळवाला आहे कुठे हो? मीच एक उरलोय!