चाकाचा खरा नाद

“तुझ्या साहेबांनी प्रोटॉनच्या वस्तुमानाचा कच्चा आकडा खरा म्हणून शोधनिबंधात छापायला काढलाय, नीरजा!”

झाशीच्या प्रतीक्षालयात या अनोळखी बापलेकीशेजारी पेंगणाऱ्या इंदूने कान टवकारले.

“हळू, बाबा. संगणकात प्रोटॉन घडवला की आधी तो थरथरतच असतो. लगेच मोजला तर थरथर आकड्यात मिसळते. फार थांबलं तर गोंगाटात हरवतो.”

“रेल्वेच्या नोकरीभर तडा शोधायला गाडीच्या चाकांवर हातोडी मारली मी. पहिला खणखणाट सोडून द्यायचा. फलाटाच्या कलकलाटात बुडायच्या आत खरा नाद ऐकायचा.”

“तसंच कमी-जास्त थांबून पुन्हा पुन्हा मोजायला हवं. साहेब म्हणतात, मोठ्या संगणकावर मिळालेला वेळ संपला.”

“आणि निबंधावर सही तुझी?”

“हो.”

इंदूच्या मिटल्या डोळ्यांपुढे एक चाक मंद घुमत राहिलं.

“गाडी लागली. बोल बेटा, करणार सही?”